पोलिसी कार्ड आणि ट्रॉम्बोन

कुणी विचारील, ट्रॉम्बोनच्या रेकॉर्डमध्ये चळवळीचं काय? घोषणा नाही, शब्दच नाहीत. खरंय. पण हा आवाज कुठून आला ते आधी बघा.

कर्टिस फुलर. जन्म १९३२, डेट्रॉइट, मोटार कारखान्यांचं शहर. आईबाप जमैकाहून आलेले. ते लवकर गेले, पोर अनाथाश्रमात वाढलं. तो दहा वर्षांचा असताना, जून १९४३ मध्ये, शहरात वांशिक दंगल पेटली. ३४ माणसं मेली. त्यांत २५ काळी, आणि त्यांतली १७ पोलिसांच्या हातून.

ट्रॉम्बोनला कळा नसतात. नळी मागंपुढं सरकवायची. सात जागा, त्या कानानं नि मनगटानं शोधायच्या. वेगवान जॅझला हे वाद्य जड, असं म्हणत. जे. जे. जॉन्सननं ते खोटं पाडलं. त्याला ऐकून फुलर या वाद्याकडं वळला.

२१ मे १९५९ रोजी न्यू जर्सीतल्या हॅकेन्सॅक इथं त्यानं 'ब्लूज-एट' ध्वनिमुद्रित केली. सोबत बेनी गोल्सनचा सॅक्सोफोन, टॉमी फ्लॅनागनचा पियानो, जिमी गॅरिसनचा बास, अल हेअरवुडचे ड्रम. पाचही काळे. हे हार्ड बॉप. म्हणजे ब्लूज आणि काळ्यांच्या चर्चमधलं गाणं यांच्याकडं परत वळलेलं जॅझ.

पहिली चीज गोल्सनची, 'फाइव्ह स्पॉट आफ्टर डार्क'. फाइव्ह स्पॉट हा न्यूयॉर्कमधला क्लब. ट्रॉम्बोन नि सॅक्सोफोन जोडीनं सूर धरतात, खालच्या आवाजात, घाई नाही. मग एकेक जण आपलं म्हणणं मांडतो, बाकीचे त्याला तोलून धरतात. कुणी कुणावर ओरडत नाही.

आणि बाहेर? १९४० ते १९६७ या काळात न्यूयॉर्कच्या दारू विकणाऱ्या क्लबात वाजवायला पोलिसांचं कार्ड लागे. कार्ड गेलं की रोजी गेली. थेलोनियस मंकचं १९५१ साली गेलं. १९५७ साली ते परत मिळालं, तेव्हा तो याच फाइव्ह स्पॉटमध्ये वाजवायला बसला. 'ब्लूज-एट'नंतर तीनच महिन्यांनी, ऑगस्ट १९५९ मध्ये, माइल्स डेव्हिस ज्या बर्डलँड क्लबात वाजवत होता त्याच्याच दारात पोलिसांनी त्याचं डोकं फोडलं. वर कार्डही काढून घेतलं.

पोटाची परवानगी पोलिसाच्या खिशात असताना या लोकांनी इतक्या शांतपणे वाजवलं. ही शांतता लाचारीची नव्हे. आमचा सूर कसा लावायचा ते आम्ही ठरवणार, असं ती सांगते.

१९७२ साली मुंबईत दलित पँथरनं नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. नाव घेतलं, आता त्यांच्या माणसांचं वाजवणंही ऐकू या. फुलर २०२१ साली गेला. रेकॉर्ड आहे. चार जण जमा, लावा, आणि शेवटपर्यंत मधे बोलू नका.