थंडाव्याचे मानकरी

आइस्क्रीमच्या इतिहासात ग्वाल्हेरचे नाव सहसा येत नाही. तथापि इंदरगंजातून निघून दक्षिणेस आंतरीची वाट धरली, की त्या इतिहासाच्या एका साक्षीदाराची कबर लागते. अकबराचा इतिहासकार अबुल फजल १६०२ मध्ये मारला गेला व आंतरीस त्याचे दफन झाले. त्याच्या ‘आईन-इ-अकबरी’त पाणी गार करण्याची कृती दिली आहे. शेरभर पाणी धातूच्या सुरईत भरून तिचे तोंड बंद करावे. दुसऱ्या भांड्यात पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा घालून त्यात ती सुरई पाव तास फिरवावी. विरघळणारा सोरा उष्णता ओढून घेतो, हे त्यातील मर्म. ग्रंथकाराने या युक्तीचे श्रेय बादशहास दिले. सुरई फिरवणारा आबदार निनावीच राहिला.

सोऱ्याने पाणी गार होई. दूध गोठवण्यास बर्फ आणि मीठ यांची जोड हवी. मीठ मिसळलेला बर्फ शून्य अंशाच्या बराच खाली उतरतो. युरोपातील हलवाई हे जाणत होते. परंतु भांडे हाताने फिरवायचे आणि कडेला गोठलेला थर वारंवार खरवडायचा, हे काम कष्टाचे होते. फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन यांनी आतल्या डब्यात छिद्रांची पाती बसवून ती दांड्याने फिरविण्याची सोय केली. ९ सप्टेंबर १८४३ रोजी त्यांना त्याचे पेटंट मिळाले. श्रीमंतांच्या मेजवानीतला पदार्थ सामान्य घराच्या आवाक्यात येण्याचा मार्ग त्यातून खुला झाला.

आपल्याकडे अमेरिकेचा बर्फ १८३३ मध्ये कलकत्त्यास व पुढील वर्षी मुंबईस जहाजाने आला. जमशेटजी जिजीभाईंनी मुंबईत पाहुण्यांना आइस्क्रीम खिलविले; यजमान व पाहुणे दोघांनाही पडसे झाल्याचे ‘मुंबई समाचार’ने छापले. ते आइस्क्रीम घोटणाऱ्याचे नाव या कथेतही नाही.

पुढे मराठी घरांत आइस्क्रीमचा पॉट आला. अंगणात गोणपाटावर बर्फ फोडायचा, खडे मीठ पेरायचे आणि दांडा जड होईपर्यंत मुलांनी आळीपाळीने फिरवायचा, हा उन्हाळ्याचा सोहळाच झाला. खिलविणाऱ्याचे नाव इतिहास जपतो, घोटणाऱ्याचे विसरतो. जॉन्सन यांचे नाव उरले, ते पेटंटाच्या कागदामुळे. आबदाराजवळ तसा कागद नव्हता; म्हणून आंतरीस जाणाऱ्याने ग्रंथकाराबरोबर त्या अनाम हातांचेही स्मरण करावे, असे आम्हांस वाटते.