हलव्याचे दागिने आणि बेगड

मराठीत एखादी गोष्ट खोटी ठरवायची असली की आपण तिला ‘बेगडी’ म्हणतो. बेगडी प्रेम, बेगडी देशभक्ती, बेगडी पुढारी. हा शब्द रोज वापरणाऱ्यांपैकी किती जणांनी बेगड हातात धरला असेल, कोण जाणे. मी धरला आहे. बोटांना चिकटतो, जरा जोर लागला की फाटतो, आणि कंदिलाच्या उजेडात सोन्यापेक्षा जास्त चमकतो.

बेगड म्हणजे कथलासारख्या मऊ धातूचा कागदाइतका पातळ पत्रा. त्यावर पिवळं रोगण चढवलं की तो सोनेरी होतो, लाल चढवलं की माणकासारखा. कानडीतही बेगडे हा शब्द याच अर्थाने आहे. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत बेगड सापडतो. नवरदेवाचं बाशिंग बेगडाचं, गौरीच्या मखराची किनार बेगडाची, देवाच्या पालखीवरची फुलं भेंडाची आणि त्यांच्या कडा बेगडाच्या. आमच्या लग्नातला सेहरा फुलांचा असला तरी त्याच्या मध्ये लोंबणाऱ्या झुली बेगडाच्याच. ज्याला जर परवडत नव्हती त्याने बेगड आणला. त्यात फसवणूक कुठे होती? बाशिंग सोन्याचं आहे असं मांडवातल्या कुणालाही वाटत नसे.

फसवणूक दुसरीकडे असते. मिठाईवरचा वर्ख पाहा. वरक म्हणजे पान, झाडाचंही आणि पुस्तकाचंही. चांदी कातड्याच्या थरांमध्ये ठेवून हातोडीने ठोकत ठोकत तिचं पान करायचं, हा आमच्यातल्या अनेक कुटुंबांचा जुना धंदा होता. २०१६ मध्ये अन्नसुरक्षेच्या नियमांत वर्ख करताना प्राण्यांपासून मिळणारी कोणतीही वस्तू वापरण्यावर बंदी आली. त्याआधीपासूनच यंत्रं आली होती. चांदीच्या नावाखाली ॲल्युमिनियमचं पान बर्फीवर चिकटवणारेही आहेत. त्याला खुशाल खोटं म्हणा. बेगडाने मात्र आपण चांदी असल्याचा दावा कधी केला नाही.

हे सगळं मला बोचतं त्याला कारण आहे. एका काव्यवाचनानंतर एक गृहस्थ जवळ आले आणि म्हणाले, “तुमचं मराठी अगदी अस्सल वाटतं हो.” कौतुकच होतं ते. मी आभार मानले. घरी येताना मात्र त्या ‘वाटतं’वर अडकून राहिलो.

बेगडाची सर्वात मोठी उलाढाल व्हायची ती मोहरमच्या ताबुतांवर. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर रंगीत कागद, त्यावर बेगडाची नक्षी. ताबूत बसवणारे सगळे मुसलमानच असत असं नाही. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा ताजिया प्रसिद्ध आहे. पुण्यात १८९३ पूर्वी हिंदू मंडळी मोहरमच्या मिरवणुकीत मोठ्या संख्येने असत. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत दंगल झाली, आणि १८९४ मध्ये पुण्यातल्या हिंदूंनी मोहरमपासून दूर राहावं असा प्रचार झाला. त्याच वर्षी सार्वजनिक गणेशोत्सव मोठ्या प्रमाणावर उभा राहिला, त्यात मेळे आले. इतिहासाच्या पुस्तकांत हे टिळकांच्या राजकारणाच्या प्रकरणात येतं. मला मात्र ते वाचताना पेठेतला कुणी बेगडवाला दिसतो. एका वर्षात त्याच्या गिऱ्हाइकाचा रस्ता बदलला. माल तोच राहिला. ताबुतावरची नक्षी कापणारी कात्री मखराची नक्षीही कापू शकते.

तरी सगळीकडे रस्ते वेगळे झाले नाहीत. सांगली जिल्ह्यात कडेगावला आजही शंभर फुटांहून उंच ताबूत निघतात, आणि त्यांचे मानकरी हिंदूही आहेत. तिथे ताबूत बांधतात तो आधी कळस आणि मग पाया, असा. लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून मी ते पाहिले. मान दुखेपर्यंत वर बघत होतो एवढंच आठवतं.

आता हलव्याकडे येतो. संक्रांत हा काळं नेसायचा सण, आणि काळ्या चंद्रकळेवर उठून दिसावेत म्हणून दागिने पांढरेशुभ्र हलव्याचे. नव्या सुनेची पहिली संक्रांत असली की तिला आणि लहान मुलाचं बोरन्हाण असलं की त्याला, हे दागिने घालतात. तनमणी, चिंचपेटी, बाजूबंद, बिंदी, कंबरपट्टा. मुलाला मुकुट आणि बासरी. साखर आणि तीळ यांचा सगळा थाट. आज आपल्याला तो स्वस्तातला वाटतो, पण साखर नेहमीच स्वस्त नव्हती. माझ्या आजीच्या लहानपणी गूळ रोजचा आणि साखर पाहुण्यांची. १९५० मध्ये प्रवरेकाठी लोणीला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढे आमच्या कृष्णाकाठीही चिमण्या उभ्या राहिल्या. तरी माझ्या लहानपणी घरची साखर रेशनकार्डावर मोजून मिळायची. त्यातली पाव-अर्धा किलो बाजूला काढून तिचा दागिना करायचा, म्हणजे त्या घराने सुनेसाठी काही तरी सोसलेलं असे. सोनं नव्हतं म्हणून साखर, एवढंच ते नव्हतं.

हलवा या शब्दावरून आमच्याकडे वाद चाले. शेजारच्या काकू म्हणत, परातीत सारखं हलवत बसावं लागतं म्हणून हलवा. वडील म्हणत, अरबीत गोडाला हलवा म्हणतात, आमचाच शब्द आहे. दोघंही हट्टाला पेटलेले, आणि हलवा कुणाच्याच परातीत थांबत नसे. पहाटेच्या थंडीत, शेगडीच्या मंद आचेवर, तिळावर चमचा चमचा पाक घालायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं. घाई केली की गोळा होतो, हवा दमट असली की काटा येत नाही.

आमच्या घरात संक्रांत नव्हती, पण संक्रांतीचं काम होतं. वडील शिंपी. दुकानातल्या चिंध्या, रिकामी रिळं, साड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे घरी यायचे. अम्मा दिवाळी सरली की त्या पुठ्ठ्यांचे तनमणी आणि मुकुट कापून ठेवायची. त्यांच्यावर खळ लावून बेगड बसवायचा. बेगड कमी पडला तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी, किंवा चहाच्या खोक्यातली पत्री. लाल खड्याच्या जागी फुटक्या बांगडीचा तुकडा. हलवा ज्याचा त्याने आणायचा; अम्मा फक्त ओवायची. ओवायची म्हणजे भोक पाडून नव्हे. प्रत्येक दाण्याभोवती दोऱ्याचा फास टाकून गाठ मारायची. काट्यांमुळेच दोरा धरतो.

“भाभी, लेकीचा पहिला सण हाय. तनमणी तेवढा ठसठशीत करा,” काकू म्हणायच्या.

“हलवा काट्याचा आणा, काकू. गुळगुळीतला दोरा धरत न्हाई,” अम्माचं उत्तर ठरलेलं.

सण झाला की दागिने उसवून हलवा वाटतात. काही घरांत तो मुलांना देत, मोठी माणसं तोंडात टाकत नसत. अम्माला ते ठाऊक होतं. ती म्हणायची, “दागिना खायचा नसतो.” मी मात्र ओवताना फुटलेले दाणे खाऊनच मोठा झालो.

आता तयार संच मिळतात. गोंदाच्या बंदुकीने चिकटवलेले, प्लॅस्टिकचे मोती मधे घातलेले. ते पार्सलने परदेशातल्या मराठी घरांतही जातात. वाईट नाहीत. पण ते उसवता येत नाहीत.

डिसेंबर १९९२ मध्ये अयोध्येत मशीद पडली. मुंबई त्या महिन्यात पेटली आणि जानेवारीत पुन्हा पेटली. आमच्या गावात काही झालं नाही. कुणी कुणाला शिवी दिली नाही, दगड मारला नाही. फक्त १९९३ च्या संक्रांतीला आमच्या दारात हलव्याचा डबा घेऊन कुणी आलं नाही. अम्माने अठरा दागिन्यांचे पुठ्ठे बेगड लावून तयार ठेवले होते. भोगीच्या दिवशी संध्याकाळी काकू समोरच्या रस्त्याने गेल्या, पदराखाली डबा होता, मान खाली. कुठे गेल्या ते आम्ही विचारलं नाही. रात्री अम्माने पुठ्ठे जुन्या ओढणीत बांधले आणि ट्रंकेवर ठेवले. वडील म्हणाले, बेगड तरी काढून घे, उरसाला उपयोगी पडेल. तिने काढला नाही.

पुढच्या डिसेंबरात काकू आल्या. उंबऱ्यातच थांबल्या.

“भाभी, औंदा धाकटीचा सण हाय.”

अम्मा बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “हलवा काट्याचा हाय न्हवं?”

काकूंनी डबा पुढे केला. अम्माने झाकण उघडून दोन दाणे बोटांत फिरवून पाहिले, आणि मला ट्रंकेवरचं गाठोडं काढायला सांगितलं. पुठ्ठे तसेच होते, बेगडाच्या कडा मात्र जागोजागी उलल्या होत्या. तिने चुलीवर वाटीभर खळ शिजत ठेवली.