फुंकनळीचं दुसरं टोक

निऑनच्या पाट्या बनवणाऱ्या कारागिराचे दोन्ही हात अडकलेले असतात. चारेक फूट लांबीची काचेची नळी तो ज्योतीवर आडवी धरतो आणि सारख्या गतीने फिरवत राहतो. नळीच्या एका तोंडाला बूच असतं. दुसऱ्या तोंडाला बारीक रबरी नळी जोडलेली असते आणि तिचं मोकळं टोक त्याच्या दातांत असतं. काच मऊ पडली की तो ती ज्योतीबाहेर काढतो, टेबलावर पसरलेल्या नक्षीवर टेकवून वळवतो. वळणावर नळी चेपते, म्हणून त्याच क्षणी रबरी नळीतून हलकी फुंकर घालतो. चेपलेला भाग पुन्हा गोल होतो. काच घट्ट व्हायच्या आत, मोजक्या सेकंदांत, हे सगळं उरकावं लागतं.

या कामात भाजणं आणि कापणं हे धोके कुणालाही दिसतात. दातांत धरलेली नळी मात्र निरुपद्रवी वाटते, कारण फुंकर बाहेर जाते अशीच सगळ्यांची समजूत. पण त्या नळीतून हवा दोन्ही दिशांना ये-जा करते. तापलेल्या काचेतून काय परत येतं, हे कळायला या धंद्याला फार काळ लागला.

काच फुंकण्याची सुरुवात भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात झाली. जेरुसलेममधल्या उत्खननात त्या शतकातल्या एका काच कारखान्याचा टाकाऊ माल मिळाला. त्यात एका टोकाला बंद केलेल्या आणि फुंकून फुगवलेल्या काचेच्या नळ्या होत्या. म्हणजे पहिली फुंकनळी काचेचीच होती: टोक तापवायचं, मिटवायचं आणि दुसऱ्या टोकातून फुंकायचं. लोखंडी नळी नंतर आली आणि तिने धंद्याचं रूपच पालटलं. भट्टीतला हजार अंशांहून अधिक तापलेला काचरस तिच्या टोकावर गुंडाळता येऊ लागला, मोठी भांडी फुगवता येऊ लागली आणि माणूस भट्टीपासून हातभर तरी लांब उभा राहिला.

लोखंडी नळीचा आणखी एक फायदा होता. फुंकर घातली की कारागीर नळी तोंडापासून दूर करतो, फिरवतो, भट्टीत परत तापवतो, मग पुन्हा तोंडाला लावतो. चुलीपुढे बसलेली बाईही फुंकणीतून जाळ फुंकते आणि श्वास घ्यायच्या आधी तोंड बाजूला करते. तिला हे कुणी शिकवावं लागत नाही, धूरच शिकवतो. जुना काचफुंक्याही असाच शिकला. गालांत हवा भरून फुंकायचं, श्वास नाकाने घ्यायचा आणि नळीतून कधीही ओढायचं नाही, हा नियम भट्टीवरचं पोर पहिल्यांदा ऐकतं. वर्षानुवर्षं फुंकून जुन्या कारागिरांचे गाल सैल पडत.

भट्टीभोवतीची हवा तशीही चांगली नव्हतीच. इटलीतल्या मोडेना इथे 1700 साली बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याचं कामगारांच्या आजारांवरचं पुस्तक प्रसिद्ध झालं. रोग्याला नेहमीचे प्रश्न विचारताना त्याचा धंदाही विचारावा, असा आग्रह या माणसाने धरला. त्याच्या पुस्तकात काच कारागिरांवर प्रकरण आहे: धगीपुढे उघडं अंग, मग थंड हवा, बिघडलेले डोळे, धरलेली छाती. रंगीत काचेसाठी टाकणखार आणि अँटिमनीची पूड हाताळणाऱ्यांचे हाल त्याने वेगळे नोंदवले. मुरानो बेटावर आरशांना पारा चढवणाऱ्यांबद्दल तो लिहितो की, त्यांना त्या आरशात स्वतःचाच खंगलेला चेहरा पाहावा लागे. व्हेनिसने आगीच्या भीतीने 1291 मध्ये काचेच्या भट्ट्या ज्या बेटावर हलवल्या होत्या, ते हेच मुरानो. आगीपासून शहर वाचवण्याचा विचार झाला. कारागिरांच्या छातीचा विचार करायला आणखी चार शतकं गेली.

नळीच्या तोंडाकडच्या टोकावर डॉक्टरांची नजर पहिल्यांदा गेली ती विषामुळे नव्हे, गरमीच्या रोगामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फ्रान्समध्ये ल्योंजवळच्या रीव्ह-द-झिए या गावात बाटल्यांचे मोठे कारखाने होते. तिथे एक बाटली एकट्याच्या हातून होत नसे. एकाने काचरस उचलायचा, दुसऱ्याने पहिली फुंकर घालायची, तिसऱ्याने बाटली पुरी करायची, आणि नळी गरम असतानाच एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जायची. ल्योंचे डॉक्टर जोसेफ रोले यांच्याकडे ओठांवर आणि तोंडात सिफिलिसचे व्रण घेऊन काच कामगार येऊ लागले. रोगाचा रस्ता लोखंडी नळीतून जातो हे त्यांनी दाखवून दिलं. त्याच शहरातल्या शासाग्नी या डॉक्टरांनी उपाय सुचवला तो अगदी साधा: प्रत्येकाने स्वतःचं सुटं तोंड बाळगावं, ते नळीला लावून फुंकावं आणि काढून घ्यावं. आजच्या काचशाळेत स्वतःच्या नळीला दुसऱ्याने तोंड लावू नये असा जो दंडक असतो, त्यामागे या गावाच्या कामगारांचे फाटलेले ओठ आहेत.

बाटल्यांच्या धंद्यातून माणसाची फुंकरच पुढे हद्दपार झाली. कोन्याक इथे क्लोद बुशे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाबाच्या हवेवर चालणारं अर्धस्वयंचलित यंत्र उभं केलं. अमेरिकेत मायकेल ओवेन्स यांचं पूर्ण स्वयंचलित यंत्र 1903 मध्ये आलं. ओवेन्स स्वतः दहाव्या वर्षी काच कारखान्यात कामाला लागले होते. त्यांच्या यंत्राने काच कारखान्यांतली पोरं जितकी घरी पाठवली तितकी कायद्यांना पाठवता आली नाहीत, हे बालमजुरीविरुद्ध लढणाऱ्यांनीही मान्य केलं.

पण फुंकर जिथून हटवता आली नाही, अशी एक जागा उरली: प्रयोगशाळा.

रसायनशास्त्रज्ञ पूर्वी आपली काच आपणच वाकवत. मायकेल फॅरडे यांच्या 1827 सालच्या रासायनिक हस्तकौशल्याच्या पुस्तकात काच वाकवणं आणि फुंकणं शिकवलेलं आहे. उपकरणं गुंतागुंतीची होत गेली तशी हे काम स्वतंत्र कारागिरांकडे गेलं. त्यांतला सर्वांत नावाजलेला हाइनरिश गाइस्लर, थुरिंगियातल्या काच कारागिरांच्या मुलखातला. त्याने बॉनमध्ये कार्यशाळा थाटली, 1855 च्या सुमारास पाऱ्यावर चालणारा निर्वात पंप केला आणि 1857 मध्ये विजेने उजळणाऱ्या नळ्या. पुढची क्ष-किरणांची नळी आणि निऑनची पाटी याच घराण्यातल्या.

अशा उपकरणाला हात घातला की लोखंडी नळीचा उपयोग संपतो. मांडणी फळीवर घट्ट बसवलेली असते, वितळवायचा सांधा मध्येच कुठेतरी असतो आणि कारागिराचं तोंड तिथवर पोहोचत नाही. चार्ल्स गुडइयर यांच्या 1844 च्या पेटंटनंतर टिकाऊ रबर मिळू लागलं आणि लवचिक नळी कारागिराच्या हाताशी आली. ती जोडली की दोन्ही हात मोकळे आणि फुंकर हवी तिथे. मात्र लोखंडी नळी तोंडापासून दूर जाते, रबरी नळी जात नाही. ती पूर्ण वेळ दातांत राहते. काच तापली की आतली हवा फुगते आणि मोकळ्या तोंडाकडे, म्हणजे कारागिराच्या तोंडाकडे, सरकते. एकाग्र झालेला माणूस दोन फुंकरींच्या मध्ये नकळत तोंडानेच श्वास घेतो. जुना नियम मोडायला तेवढं पुरतं.

नव्या काचेत हे निभावून जातं, कारण आत नुसती हवा असते. दुरुस्तीला आलेल्या काचेत आधीच्या प्रयोगाचं काहीही उरलेलं असू शकतं. क्लोरीनयुक्त द्रावणाचा पातळसा थर ज्योतीच्या तापमानाला फुटला तर त्यातून फॉस्जीन तयार होऊ शकतो, म्हणजे 1915 मध्ये रणांगणावर सोडला गेलेला वायू. आणि पारा तर त्या काळच्या प्रयोगशाळेत सगळीकडेच होता: पंपांत, दाबमापकांत, झडपांत, फरशीच्या फटींत.

पारा गिळला तर आतड्यातून जवळजवळ शोषलाच जात नाही. त्याची वाफ श्वासातून गेली तर सुमारे 80 टक्के शरीरात राहते. वीस अंश सेल्सिअसला बंद जागेतल्या एक घनमीटर हवेत 13 मिलिग्रॅमच्या आसपास पारा मावतो. कामाच्या जागी सुरक्षित म्हणून अनेक ठिकाणी धरलेली मर्यादा आहे 0.025 मिलिग्रॅम. हे न तापवता. सुमारे 357 अंशांना पारा उकळतो आणि काच मऊ व्हायला त्याच्या दीडपट ते दुपटीहून जास्त तापमान लागतं. या वाफेला रंग नाही, वास नाही. चुलीच्या धुरासारखी ती कुणाला तोंड बाजूला करायला शिकवत नाही.

ती शिकवण एका शास्त्रज्ञाने स्वतःच्या आरोग्याची किंमत देऊन दिली. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड श्टॉक बोरॉनच्या हायड्राइडांवर काम करत. ती हवेत पेट घेतात, म्हणून त्यांनी पाऱ्याच्या झडपा असलेली बंदिस्त काचेची यंत्रणा बांधली. कित्येक वर्षं त्यांना डोकेदुखी, भोवळ, सततची सर्दी आणि विसराळूपणा छळत होता. हुशार माणूस, पण साध्या गोष्टी आठवेनात. 1924 मध्ये कारण सापडलं: प्रयोगशाळेतली पाऱ्याची वाफ. श्टॉक गप्प बसले नाहीत. 1926 मध्ये त्यांनी आपली लक्षणं एक एक करून छापली आणि सहकाऱ्यांना सावध केलं. आपल्या विस्मरणाची जाहीर नोंद करायला संशोधकाच्या अंगी केवढं धैर्य लागत असेल! पाऱ्याची वाफ मोजण्याच्या बारीक पद्धती विकसित करण्यात त्यांनी उरलेली बरीच शक्ती घातली.

नेमक्या याच काळात रबरी नळी प्रयोगशाळेबाहेर पडून बाजारपेठेत आली. जॉर्ज क्लोद यांनी डिसेंबर 1910 मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात निऑनच्या नळ्या उजळून दाखवल्या होत्या आणि पुढच्या वीस-तीस वर्षांत शहरांची रात्र रंगीत झाली. शुद्ध निऑन लालसर नारिंगी उजळतो. निळ्यासाठी आरगॉन भरतात आणि सोबत पाऱ्याचा थेंब सोडतात. हिरवा, पांढरा, गुलाबी हवा असेल तर नळीला आतून चमकत्या भुकटीचा लेप देतात. पाटी नवी असताना पारा सगळ्यांत शेवटी, वाकवायचं काम संपल्यावर आत जातो, त्यामुळे फुंकणाऱ्याशी त्याची गाठ पडत नाही. गाठ पडते दुरुस्तीत. तडकलेलं अक्षर परत येतं, कारागीर ते ज्योतीवर धरतो, रबरी नळी दातांत घेतो, आणि काचेला चिकटून राहिलेला पारा वाफ होऊन थंड टोकाकडे धावतो. त्यातला काही रबरी नळीत थंड होऊन बसतो. उद्या नवीकोरी काच घेतली तरी नळी कालचीच असते.

लेपाच्या भुकटीचीही कहाणी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चमकत्या भुकटीत बेरिलियमची संयुगं असत. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये ट्यूबलाइटच्या कारखान्यातले तरुण कामगार दम लागून खंगू लागले. डॉ. हॅरिएट हार्डी यांनी 1946 मध्ये सहलेखकासोबत या आजाराचा संबंध बेरिलियमशी लावला आणि 1949 मध्ये तिथल्या दिव्यांच्या उद्योगाने ती भुकटी सोडली. त्याआधीच्या जुन्या नळ्या हौशी संग्राहकांकडे अजून असतात. त्या फोडू किंवा तापवू नयेत हेच बरं.

आता जाणत्या कारागिरांची रीत ठरलेली आहे. पारा लागलेला तुकडा कापून वेगळा ठेवायचा आणि त्या जागी नवी काच जोडायची. जुनी तापवायची नाही. दुरुस्तीची भांडी आधी धुवायची, मग हवा खेचून घेणाऱ्या भट्टीत भाजून घ्यायची. रबरी नळीच्या वाटेत गाळणी किंवा कोळशाचा सापळा बसवायचा, आपली नळी आपणच वापरायची आणि ती वरचेवर बदलायची. दोन फुंकरींच्या मध्ये जिभेने नळीचं तोंड मिटायचं. ज्योतीच्या वर धूर ओढणारा पंखा हवाच, पण तो बाहेरची हवा खेचतो, नळीतली नाही. म्हणून एका उपायावर भागत नाही.

महाराष्ट्रात फुंकनळीचा संघटित धंदा स्वदेशीच्या लाटेवर आला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून उभ्या केलेल्या पैसा फंडातून 1908 मध्ये तळेगाव दाभाड्याचा काच कारखाना निघाला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता आणि परदेशात काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे शिकवायला होते. पुढे 1916 मध्ये कऱ्हाडजवळ ओगलेवाडी उभी राहिली आणि प्रभाकर कंदिलाची काच घरोघर गेली. हा भट्टीचा आणि लोखंडी नळीचा वारसा. रबरी नळीचा वारसा पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, पवईची आयआयटी अशा संस्थांच्या काचशाळांत सापडतो. संशोधकाने कागदावर काढलेल्या आकृतीवरून तिथला कारागीर ज्योतीपुढे बसून उपकरण घडवतो आणि तडकलं की तेच त्याच्याकडे परत येतं.

परत येताना त्या काचेत काय होतं हे फक्त पाठवणाऱ्याला ठाऊक असतं. म्हणून काचशाळा आता भांड्यासोबत चिठ्ठी मागतात: शेवटी कोणतं रसायन वापरलं, पारा होता का, भांडं कशाने धुतलं. चिठ्ठी नसेल तर भांडं तसंच परत पाठवायचा अधिकार कारागिराला असायला हवा, भांडं आणणारा विद्यार्थी कितीही घाईत असला आणि त्याचे प्राध्यापक कितीही मोठे असले तरी.