खरवस, चीक आणि पावडरचा डबा

गेल्या महिन्यात माझी नात बाळंत झाली. चौथ्या दिवशी रात्री तिचा फोन आला. "आजी, माझं दूध पुरत नाहीये का गं? बाळ सारखं रडतंय. डब्याचं सुरू करू का?"

ओठांवर आलेलं "कर बाई" मी गिळलं. हाच प्रश्न १९७४ साली मी माझ्या वडीलधाऱ्यांना विचारला होता आणि मला "कर" हेच उत्तर मिळालं होतं. त्या रात्री काही झोप लागली नाही. आयुष्यभर शाळेत मुलांना लढाया आणि तह शिकवले, पण हा घराघरातला इतिहास कधी फळ्यावर आलाच नाही. म्हटलं, आज तोच लिहावा.

सुरुवात चिकापासून करते. आमच्या माहेरी पहिले तीन दिवस आईचा चीक पिळून टाकून देत आणि बाळाला मधाचं बोट चाटवत. थोरलीच्या वेळी माझाही चीक असाच गेला. या समजुतीची मुळं फार जुनी आहेत. बाळंतिणीला तिसऱ्या-चौथ्या रात्रीनंतर दूध येतं, तोवर बाळाला मध-तूप द्यावं, असं सुश्रुतसंहितेत सांगितलं आहे. गंमत म्हणजे बाळाला पाहून, स्पर्शाने, नुसत्या आठवणीनेही आईला पान्हा फुटतो आणि त्याचं कारण माया, हेही त्याच ग्रंथात आहे! आजचे डॉक्टर त्या मायेमागच्या संप्रेरकाला ऑक्सिटोसिन म्हणतात. म्हणजे एक निरीक्षण अगदी अचूक आणि दुसऱ्यातून घेतलेला अर्थ चुकीचा. तो दाट पिवळसर चीक म्हणजे बाळाला मिळणारी पहिली रोगप्रतिकारशक्ती. पहिल्या दिवसांत तो चमचाभरच येतो, पण बाळाचं पोटही तेवढंच असतं. मध मात्र वर्षाच्या आत मुळीच देऊ नये, त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

आणि आपली तऱ्हा पाहा. गाय व्यायली की तिचा चीक शेजारीपाजारी वाटायचा, वेलदोडा घालून खरवस करायचा, चवीने खायचा. बाईचा चीक मात्र मोरीत!

आता डब्याकडे येऊ. स्वित्झर्लंडमध्ये हेन्री नेस्ले यांनी १८६७ च्या सुमारास दूध, गव्हाचं पीठ आणि साखर यांचं बालान्न तयार केलं. ज्यांना आईचं दूध मिळूच शकत नव्हतं अशा बाळांना त्याचा आधार झाला, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. आपल्याकडेही म्हैसूरच्या सीएफटीआरआय या संस्थेने म्हशीच्या दुधापासून बालान्न करण्याची पद्धत शोधली आणि अमूलने ते बाजारात आणलं. त्याचा आम्हाला अभिमानच वाटायचा.

बिघडलं ते पुढे. अडचणीची वस्तू रोजची झाली. सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी १९३९ साली सिंगापूरच्या रोटरी क्लबात भाषण केलं, त्याचं नावच होतं 'दूध आणि खून'. गरीब आयांना डब्याच्या दुधाची भुरळ घातल्याने बाळं दगावतात, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पुढे १९७४ साली ब्रिटनच्या 'वॉर ऑन वॉन्ट' संस्थेने 'द बेबी किलर' ही पुस्तिका काढली. परिचारिकांसारखा वेष केलेल्या विक्रेत्या बाळंतिणींना भेटत. घरी डबा परवडत नाही म्हणून पावडर कमी, पाणी जास्त. पाणी अशुद्ध, बाटली नीट उकळलेली नाही. बाळाला हगवण लागे आणि तोवर आईचं दूधही आटलेलं असे.

ते १९७४ वाचून मी थबकले. त्याच वर्षी गुटगुटीत बाळाचं चित्र असलेला डबा आमच्या फडताळात होता. तीन महिन्यांनी मी शाळेत रुजू झाले, बाटली वाढत गेली आणि दूध आटत गेलं. "हिच्या अंगावर दूधच नाही" असं सगळे म्हणाले, मीही मानलं. चौथ्या महिन्यात थोरलीला जुलाब लागले. डोळे खोल गेले. ती वाचली, पण त्या दोन रात्री मी आजही विसरलेले नाही.

बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं, हे साधं गणित तेव्हा मला कोणी सांगितलं नाही. वरचं दिलं की ओढणं कमी, ओढणं कमी की दूध कमी. दोष माझ्या अंगात नव्हता, हे कळायला किती वर्षं गेली!

जग मात्र हललं. १९७७ साली अमेरिकेत नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला. २१ मे १९८१ रोजी जागतिक आरोग्य परिषदेत डब्याच्या दुधाच्या जाहिरातबाजीविरुद्धची संहिता ११८ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाली. ते एक मत अमेरिकेचं. १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उभारली. १९९२ साली आपल्याकडे कायदा झाला आणि डब्यावरचं गोंडस बाळ गेलं. २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली, म्हणजे निव्वळ अंगावर पाजण्याचे सहा महिने निभावतील इतकी. कायदा लागू नसलेल्या शेतमजूर बाईला ती अजूनही नाही, हेही खरंच.

सकाळी नातीला फोन केला. म्हटलं, "बाळ दिवसातून सहा-सात वेळा लंगोट भिजवेल आणि वजन वाढेल तर दूध पुरतंय असं समज. पहिले काही दिवस वजन जरा उतरतंच. रात्रीही पाज. नुसतं टोक नको, भोवतालचा काळा भागही बाळाच्या तोंडात जाऊ दे, म्हणजे चिरा पडणार नाहीत. सहा महिने पाणीसुद्धा नको, उन्हाळ्यातही. बाळ मलूल वाटलं, लंगोट कोरडे राहिले किंवा तुला गाठ होऊन ताप आला तर थांबू नकोस, डॉक्टरांकडे जा. आणि त्यांनी वरचं द्यायला सांगितलंच तर अपराधी वाटून घेऊ नकोस."

"आळिवाचे लाडू पाठवशील?" तिने विचारलं.

"पाठवते. पण दूध लाडवांनी नाही, बाळाने ओढल्यानेच वाढतं. लाडू तुझ्यासाठी."

रायगडाचा कडा उतरून गेलेल्या हिरकणीची गोष्ट मी वर्गात किती वेळा सांगितली असेल! आता एसटी स्थानकांवर तिच्या नावाचे कक्ष दिसतात, बरं वाटतं. पण आईने कडा उतरावा आणि आपण वरून टाळ्या वाजवाव्यात, एवढंच का आपलं काम? कोणीतरी वेळेवर दरवाजा उघडायला हवा होता.

तुमच्याकडे चिकाचं काय करत असत? जरूर कळवा.