कॉफीच्या भांड्यावर नजर

१९९१ सालची गोष्ट. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत ‘ट्रोजन रूम’ या खोलीबाहेर कॉफीचे एकच यंत्र होते. दुसऱ्या मजल्यांवरच्या संशोधकांनी जिने ओलांडून यावे, तर भांडे रिकामे! ही पायपीट वाचवण्यासाठी क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर व पॉल जार्डेट्झ्की यांनी भांड्यासमोर कॅमेरा लावला. मिनिटाला सुमारे तीन कृष्णधवल चित्रे प्रत्येकाच्या संगणकावर दिसू लागली.

१९९३ मध्ये मोझेइक ब्राउझर वेबपानातच चित्रे दाखवू लागला. त्याच नोव्हेंबरात डॅनियल गॉर्डन व मार्टिन जॉन्सन यांनी हा कॅमेरा वेबशी जोडला आणि हे भांडे जगभर दिसू लागले. पण ब्राउझर एकदा विचारतो, उत्तर मिळाले की थांबतो. ताजे चित्र हवे तर पुन्हा विचारायचे. १९९५ मध्ये नेटस्केपने तोड काढली: उत्तर संपवायचेच नाही! चित्रामागून चित्र पाठवत राहायचे आणि प्रत्येक नव्या चित्राने जुन्याची जागा घ्यायची.

मिनिटाला तीन चित्रे कशी पुरली? कारण कॉफी सावकाश संपते. समोरासमोर बोलताना मात्र क्षणाचाही उशीर खटकतो. त्यासाठीचे ‘वेबआरटीसी’ हे तंत्र २०२१ मध्ये अधिकृत मानक झाले.

केंब्रिजचा कॅमेरा २२ ऑगस्ट २००१ रोजी बंद झाला. त्याने शिकवलेला प्रश्न वर्गात जरूर विचारा: मोड येणारी मटकी किती तासांनी पाहावी? आणि उडणारी माशी?