विक्रांत गेली, 'सी हॉक' उरले

१९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरातून पूर्व पाकिस्तानातील लक्ष्यांवर हल्ले चढविणाऱ्या 'सी हॉक' जातीचे विमान गोव्यातील नौदल हवाई संग्रहालयात जतन करण्यात आले आहे. ज्या 'आयएनएस विक्रांत'च्या धावपट्टीवरून ही विमाने झेपावली, ती विमानवाहू युद्धनौका मात्र वाचविता आली नाही.

'सी हॉक' हे ब्रिटनच्या हॉकर कंपनीचे एक आसनी जेट लढाऊ विमान. त्याच्या मूळ नमुन्याने १९४७ मध्ये पहिले उड्डाण केले. भारतीय नौदलाच्या ३०० क्रमांकाच्या 'व्हाइट टायगर्स' या तुकडीची स्थापना १९६० मध्ये याच विमानांसह झाली. १८ मे १९६१ रोजी विक्रांतवर पहिले जेट विमान उतरविण्याचा मान लेफ्टनंट आर. एच. ताहिलियानी यांनी मिळविला. पुढे ते नौदलप्रमुख झाले.

संग्रहालयातील विमान न्याहाळताना त्याच्या शेपटीच्या टोकाशी झोत बाहेर पडण्याचे तोंड दिसत नाही. इंजिनाचा झोत दोन फाट्यांत विभागून पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी बाहेर सोडला जाई. त्यामुळे मागील भागात इंधनासाठी जागा मिळाली. जहाजावरील अपुऱ्या जागेसाठी दुमडणारे पंख, धावपट्टीवरील तारेत अडकून विमान थांबविणारा आकडा आणि २० मिलिमीटरच्या चार तोफा ही त्याची अन्य वैशिष्ट्ये होत.

१९७१ मध्ये विक्रांतच्या एका बॉयलरला तडे गेल्याने तिचा वेग मर्यादित झाला होता. विमान हवेत उचलले जाण्यासाठी नौकेचा वेग आणि समोरचा वारा दोन्ही महत्त्वाचे असल्याने ही उणीव गंभीर होती. तरीही ४ डिसेंबरला लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली आठ 'सी हॉक' विमानांनी कॉक्स बझारवर हल्ला केला. त्यानंतर चितगाव बंदरही लक्ष्य झाले. गुप्ता यांना महावीर चक्राने गौरविण्यात आले. १९८३ पासून 'सी हॉक'ची जागा 'सी हॅरियर'ने घेतली. ही विमानेही २०१६ मध्ये निवृत्त झाली.

विक्रांत ३१ जानेवारी १९९७ रोजी सेवामुक्त झाली. २००१ मध्ये मुंबईत तिच्यावर संग्रहालय सुरू झाले. 'सी हॉक'सह जुनी विमाने तेथे मांडण्यात आली. तथापि नौकेच्या दुरुस्तीचा प्रचंड खर्च उचलण्यास कोणी पुढे आले नाही. सुरक्षेच्या कारणास्तव २०१२ मध्ये संग्रहालय बंद झाले आणि २०१४ मध्ये सुमारे ६० कोटी रुपयांना विकली गेलेली नौका मुंबईतच तोडण्यात आली. तिच्या धातूतून घडविलेले स्मारक जानेवारी २०१६ मध्ये नौदल गोदीच्या लायन गेटजवळ उभे राहिले. 'विराट'साठी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये सिंधुदुर्गातील निवती येथे संग्रहालयाचा प्रस्ताव मंजूर केला होता. परंतु तीही २०२० मध्ये अलंगच्या किनाऱ्यावर पोहोचली.

बोगमाळोनजीकचे गोव्याचे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. 'सी हॉक'शेजारी तेथे 'अलिझे', 'सी हॅरियर' व 'सुपर कॉन्स्टेलेशन' ही विमाने उघड्यावर उभी आहेत. समुद्राची खारी हवा आणि कोकणपट्टीचा पाऊस ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूला हळूहळू पोखरतो. महाकाय नौका जपणे खर्चाचे असते हे दोनदा सिद्ध झाले. जेमतेम बारा मीटर लांबीच्या विमानाला मात्र छप्पर आणि वेळच्या वेळी रंगरंगोटी, एवढेही पुरेसे ठरू शकते.