संगणकाची जाहिरात आणि घरचा ग्राहक : प्रस्तावना

चहा विकणाऱ्याला चहा कशासाठी असतो हे सांगत बसावे लागत नाही. १९७०च्या दशकात घराघरांत संगणक विकायला निघालेल्या कंपन्यांना मात्र नेमके तेच सांगायचे होते. जानेवारी १९७५मध्ये ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकी मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेला ऑल्टेअर ८८०० सुट्या भागांच्या संचातही मिळे, आणि हौशी मंडळी तो घरी सोल्डरिंग करून जोडत. अशा ग्राहकाला जाहिरातीत तांत्रिक तपशील दिला की भागत असे. पण चारचौघांच्या घरात शिरायचे, तर ‘हे घेऊन मी करू काय?’ या साध्या प्रश्नाला उत्तर हवे होते. ते उत्तर जाहिरातींनी कसे दिले, कुठे साधले, कुठे हुकले आणि उत्पादकाने ते कसे द्यायला हवे, हा आपला अभ्यासविषय. इथे पहिल्यांदाच येणाऱ्या वाचकाचे मनापासून स्वागत.

सुरुवात एकाच जाहिरातीपासून करावी. १९७७ साली अ‍ॅपल-२ बाजारात आला, तेव्हाच्या जाहिरातीत एक पुरुष स्वयंपाकघरातल्या टेबलाशी संगणक घेऊन बसला आहे. पडद्यावर आलेख उमटला आहे आणि मागे ओट्यापाशी काम करणारी स्त्री हसून त्याच्याकडे पाहते आहे. प्रयोगशाळेतले यंत्र जेवणाच्या टेबलावर आणून ठेवले, हे या चित्राचे मोठे यश. पण त्याच चित्राने घरातल्या कोणाचे बोट कळफलकावर आणि कोणाचे हात ओट्यावर, हेही ठरवून टाकले. जेन मार्गोलिस आणि अ‍ॅलन फिशर यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून २००२ साली ‘अनलॉकिंग द क्लबहाउस’ हे पुस्तक लिहिले. घरातला संगणक बहुधा मुलाच्या वाट्याला येई आणि मुलगी कडेला राही, असे त्यांना आढळले. याचे सारे खापर जाहिरातींवर फोडता येणार नाही. तरीही जाहिरातीत कोण दिसते आणि कोण काम करते, हा प्रश्न वरवरचा नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

आयबीएमपुढची अडचण वेगळी होती. मोठमोठ्या कचेऱ्यांना यंत्रे पुरवणाऱ्या या कंपनीचा दरारा सामान्य माणसाला दूर ठेवणारा होता. म्हणून ऑगस्ट १९८१मध्ये पर्सनल कॉम्प्युटर आणल्यावर तिने जाहिरातीत चार्ली चॅप्लिनचा भणंग ट्रॅम्प उभा केला. १९३६च्या ‘मॉडर्न टाइम्स’मध्ये यंत्राच्या दातेरी चाकांत सापडलेला हाच माणूस आता यंत्रामुळे आपले छोटे दुकान नीट चालवू लागला. भीती घालवण्याचे काम या मालिकेने उत्तम केले. पण त्याच ट्रॅम्पच्या भरवशावर आणलेला घरगुती पीसी-ज्युनिअर १९८५ साली बंद करावा लागला. किंमत चढी होती आणि सुरुवातीचा कळफलक टायपिंगला गैरसोयीचा होता. वस्तूतले उणे जाहिरात भरून काढू शकत नाही, हा धडा या विषयात प्रत्येकाने लवकर शिकावा.

१९८४ हे साल या अभ्यासाचे मोठे दालन आहे. रिडली स्कॉट यांनी दिग्दर्शित केलेली अ‍ॅपलच्या मॅकिंटॉश संगणकाची जाहिरात २२ जानेवारीला सुपर बोलच्या सामन्यात दाखवली गेली आणि तिच्यावर आजवर भरपूर लिहिले गेले आहे. तिच्यात प्रत्यक्ष यंत्र दिसत नाही. माझ्या मते त्याच वर्षीची दुसरी मोहीम अधिक अभ्यासण्याजोगी आहे. क्रेडिट कार्ड असलेल्या कोणीही दुकानातून मॅकिंटॉश घरी न्यावा, एक दिवस वापरावा आणि परत आणून द्यावा, अशी ती योजना होती. सुमारे दोन लाख लोकांनी तिचा लाभ घेतला. दुकानदार वैतागले, कारण नाताळच्या गर्दीच्या दिवसांत विकायचा माल बाहेर फिरत होता. व्यवहार म्हणून तिचे मूल्यमापन काहीही होवो, ग्राहकाचा मान तिने राखला. २,४९५ डॉलर मोजण्याआधी त्याला आपल्या टेबलावर, आपले पत्र लिहून, माउस हातात धरून ठरवता आले. यंत्राची स्मृती तोकडी आहे आणि त्यासाठी प्रोग्रामही मोजकेच आहेत, हेसुद्धा त्याच दिवसात कळण्यासारखे होते.

यानंतर जाहिरातीची भाषा पुन्हा सुट्या भागांकडे वळली. १९९१मध्ये इंटेलने ‘इंटेल इनसाइड’ मोहीम सुरू केली. जाहिरातीत इंटेलचे चिन्ह छापणाऱ्या संगणक-कंपन्यांचा जाहिरातखर्च ती अंशतः उचलू लागली. ग्राहकाला प्रोसेसरचे नाव पाठ झाले, मेगाहर्ट्‌झचा आकडा हीच प्रतीची खूण ठरली, आणि एका कंपनीचा संगणक दुसरीपेक्षा कामाला कसा वेगळा, हे सांगायचे राहून गेले. अ‍ॅपलच्या १९९८च्या आयमॅकने उलट वाट धरली. खोक्यातून काढा, वीज जोडा, फोनची तार जोडा की इंटरनेट सुरू, एवढेच त्याची जाहिरात सांगत होती. जे सांगितले ते घरी नेल्यावर पडताळता येत होते.

मराठी वाचकाला हा इतिहास दूरचा वाटू नये. २००१पासून महाराष्ट्रात असंख्य लोकांनी कळफलकाला पहिला हात लावला तो एमएस-सीआयटी या संगणक-अभ्यासक्रमाच्या वर्गात. ‘हे घेऊन करू काय?’ याचे उत्तर त्यांना जाहिरातीने नव्हे, शिकवणाऱ्या सरांनी-मॅडमनी दिले. वृत्तपत्रातली जाहिरात मात्र रॅम आणि हार्ड डिस्कचे आकडेच मांडत राहिली. मराठी कसे टाइप करायचे, बिघाड झाला तर तालुक्याच्या गावी दुरुस्ती होईल का, हे ग्राहकाने स्वतः विचारायचे. आता कायद्याचा आधारही आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दंडाची तरतूद आहे, आणि २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दावा ज्या भाषेत, त्याच भाषेत खालची सूचनाही छापायला हवी. मराठीत वचन आणि इंग्रजीत बारीक अटी, असे चालत नाही.

म्हणून या विषयात शिरताना तीन प्रश्न हाताशी ठेवावेत. जाहिरात कोणते काम होईल असे सांगते? ते कोणाच्या हातून होताना दाखवते? आणि पैसे देण्याआधी ते पारखायची कोणती सोय देते? इतिहास, अर्थशास्त्र, स्त्री-अभ्यास, कायदा, चित्रभाषा, कोणत्याही वाटेने आलात तरी या प्रश्नांवर भर घालता येईल. जुनी मासिके, रविवारच्या पुरवण्या, दुकानांची पत्रके अजून रद्दीत निघतात. ती जपा आणि तारीखवार लावा. मराठीतले हे काम जवळजवळ अस्पर्श आहे, आणि ते करणाऱ्याचा उपयोग उत्पादकालाही आहे. कारण सामान्य ग्राहकाला कमी समजते असे धरून केलेली जाहिरात एकदा खपते, पण त्याला पारखू देणारी जाहिरात त्याचा विश्वास कमावते.